आमची वाटचाल: जुनं चालू ठेवून नवं उभं करताना

सुरुवातीला आम्ही तिघं होतो आणि हाताशी व्हिज्युअल बेसिक ६ ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅमिंगची भाषा होती. छोट्या कारखान्यांसाठी बिलं, गोदामातला साठा आणि येणी-देणी सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक ६ चा सपोर्ट थांबवला, पण त्यात केलेले प्रोग्रॅम चालतच राहिले, म्हणून आम्हीही निर्धास्त राहिलो. मग ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला. ग्राहक नव्या मशीन घेऊ लागले आणि रोज कुठून तरी फोन यायचा, 'स्क्रीन उघडत नाही.' स्क्रीनवरची बटणं, तक्ते पुरवणारी एखादी जुनी ओसीएक्स फाइल नव्या मशीनवर रजिस्टर झालेली नसायची.

घाबरून आम्ही सगळंच नव्याने लिहायला घेतलं, वेबवर, अँग्युलरजेएस या वेब सॉफ्टवेअर बांधायच्या तयार चौकटीत. काम निम्म्यावर असताना, सप्टेंबर २०१६ मध्ये, अँग्युलर २ आलं. नाव तेच, पण आमचा कोड त्यात जसाच्या तसा चालणार नव्हता. तोवर जुन्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या मागे पडल्या होत्या आणि दोन चांगले ग्राहक सोडून गेले. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला होता.

त्यानंतर एक ठरवलं: एका वेळी एकच भाग हलवायचा, आणि जुना बंद करायची घाई करायची नाही. पहिला भाग साठ्याचा. जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवायचं आणि संध्याकाळी दोन्हीकडच्या बेरजा ताडून बघायच्या. चौथ्या दिवशी एकाचा फरक आला. दोन दिवस शोधलं. शेवटी आमच्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्याने पकडलं. व्हिज्युअल बेसिकचं राउंड, म्हणजे आकडा पूर्णांकात आणणारं फंक्शन, २.५ चे २ करतं, कारण नेमक्या अर्ध्यावरची संख्या ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेतलं तसंच फंक्शन, मॅथ.राउंड, त्याचेच ३ करतं. हे आमच्याकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नवं तंत्र आलं की आपली किंमत संपली, अशी धास्ती या सहकाऱ्याला होती. खरं तर कुठला नियम का घातलाय हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. त्याच्याकडून प्रत्येक नियमाची चाचणी लिहून घेतली. माझ्या मते आमच्या कंपनीतलं सगळ्यात मोलाचं काम तेच.

बिलाच्या भागात वेगळीच अडचण आली. जुन्या प्रोग्रॅममध्ये एफ५ दाबलं की बिल सेव्ह व्हायचं. ब्राउझरमध्ये एफ५ म्हणजे पान पुन्हा लोड. बिल करणाऱ्या ताई स्क्रीनकडे न बघता सवयीने एफ५ दाबायच्या आणि भरलेलं बिल पुसलं जायचं. आम्ही त्यांच्या शेजारी बसून अख्खा दिवस पाहिलं, तेव्हा कळलं. मग कीबोर्डवरच्या सगळ्या की पूर्वीसारख्या करून दिल्या. लोक बदलायला तयार नसतात, ही तक्रार मी तेव्हापासून केलेली नाही.

२०२२ च्या सुरुवातीला अँग्युलरजेएसचा सपोर्ट थांबला, तोवर आमची शेवटची स्क्रीनही तिथून हलली होती. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टचा जुना ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला, तेव्हा आमच्याकडे एकही फोन आला नाही.

आता कोडचा काही भाग एआय लिहून देतं. तो आधी त्या सहकाऱ्याच्या चाचण्यांमधून जातो. त्यातली पहिली चाचणी अजूनही २.५ चीच आहे.