सात खोकी पुस्तकं आणि एकही कामाचं नाही

शाळेतल्या पोरांच्या बुक क्लबला मदत करते असं म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पुस्तकं देऊ का? घरी खूप पडलीयेत." आणि मी हल्ली सरळ नको म्हणते. लोकांना राग येतो, येऊ दे.

कारण हा उद्योग मी करून झालाय. पहिल्या वर्षी शाळेकडे पुस्तकांसाठी पैसेच नव्हते, मग मी मोठ्या उत्साहात सगळ्या ग्रुपांवर मेसेज टाकला की जुनी पुस्तकं द्या, आणि दोन महिन्यांत सात खोकी जमली. उघडली तर आत जुनी गाईडं, कोऱ्या डायऱ्या, कधीच बाद झालेल्या सॉफ्टवेअरची पुस्तकं आणि एका कादंबरीचा फक्त दुसरा भाग. क्लबातली पोरं तेरा ते सोळा वयाची, त्यातल्या एकाने खोक्यात डोकावून शांतपणे विचारलं, "ताई, हे रद्दीवाल्याने घेतलं नाही का?"

ग्रंथालयशास्त्रात रंगनाथन यांचे १९३१ सालचे पाच नियम आहेत, त्यातला तिसरा म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मी त्याच्या जोरावर ती खोकी बरेच दिवस सांभाळली, कधीतरी कुणीतरी वाचेल म्हणून. पण त्याच्या आधीचा, दुसरा नियम आहे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, तो मी सोयीस्कर विसरले होते.

मुळात लायब्ररी आणि बुक क्लब यांची गरज उलटी असते. लायब्ररीला शंभर वेगवेगळी पुस्तकं हवीत, क्लबला एकच पुस्तक पण बारा जणांना पुरेल इतकं. शंभर पुस्तकं एकेकाने वाचली तर गप्पा कशावर मारणार? म्हणून आता कुणी पैसे देतो म्हटलं की मी एकाच पुस्तकाच्या सहा प्रती मागते, दोघात एक. जोडीतला एक पुढे पळतो आणि दुसऱ्याला शेवट सांगून टाकतो, त्यावरून भांडणं होतात, ती मी सोडवत नाही.

पैसे नसतील तेव्हा कॉपीराइट संपलेलं काहीतरी शोधायचं. भारतात लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतात, पुष्कळ देशांत सत्तर (जुन्या पुस्तकाचं नवं भाषांतर असेल तर भाषांतरकाराचं वेगळं बघायचं, इथे मी एकदा फसणार होते). ए४ कागद मधे दुमडला की चार पानं होतात, म्हणजे १२० पानांचं पुस्तक ३० कागदांत बसतं आणि बारा प्रतींना ३६० कागद, ५०० च्या एका रिममधून वर उरतातच. तीस कागदांना साधा स्टेपलर पुरत नाही, म्हणून दहा-दहाच्या तीन घड्या करून सुईदोऱ्याने शिवायच्या. पोरांनी स्वतः शिवल्या, वाकड्यातिकड्या, पण त्यातली एकही प्रत हरवली नाही, विकतच्यांपैकी दोन मात्र गेल्या. दंड लावत नाही आम्ही, दंड लावला की पोरगं पुस्तक आणायचं सोडून क्लबातच यायचं सोडतं.

निवडीतही मी तोंडावर आपटले. पहिलं पुस्तक मी निवडलं, चांगलं, संस्कारी वगैरे, तिसऱ्या आठवड्याला बारातले पाच उरले. तेव्हापासून चिठ्ठ्या टाकून मतदान. आणि एक नियम पोरांनीच काढला, पुस्तक अर्धवट सोडलं तरी चालेल पण कुठल्या पानावर सोडलं ते सांगायचं. एकदा चौघांनी ४३ व्या पानाच्या आसपास सोडलं होतं, मग तासभर फक्त त्या पानावर चर्चा, लेखकाने तिथे नेमकं काय बिघडवलं म्हणून. जिने आख्खं वाचलं होतं ती त्याची बाजू घेऊन एकटी लढत होती, ही पोरगी एरवी हजेरीला सुद्धा जेमतेम ओ देते. मी काही बोलले नाही, म्हणजे बोलायला गेले होते पण कुणी ऐकलंच नाही.

खरी चणचण पैशापेक्षा वेळेची असते हे मला उशिरा कळलं. खोलीची किल्ली कुणाकडे, शाळा सुटल्यावर थांबणार कोण, ज्या बाई थांबतात त्यांच्यावर आधीच किती कामं आहेत. त्यांची पेपरांची बेरीज तपासून देणं, रजिस्टर लिहिणं, बैठकीनंतर बाकं लावणं, असली कामं उचलली की क्लब टिकतो. मदत करायचीच असेल तर आठवड्यातला एक तास द्या, तोच वार, तीच वेळ, वर्षभर. एकदा बाहेरच्या मंडळींनी येऊन फोटो काढले, पुढच्या वेळी नक्की येतो म्हणाले, पोरं दोन आठवडे दाराकडे बघत होती.

असो. काल नवीन मतदान झालं, भुताची कादंबरी आठ विरुद्ध चार मतांनी आलीय. मला भुतं अजिबात सोसत नाहीत, मंगळवारपर्यंत पहिली साठ पानं वाचायचीयेत आणि मी दिवसाउजेडीच वाचणारे.