मधल्यानं किती समजून घ्यावं?

शुक्रवार, रात्री. टिळकवाडी.

आज शेवटच्या तासाला वायरलेसमधला रिले काढला, म्हणजे सिग्नल ऐकून पुढं देणारा मधला. फळ्यावर तीनच ठिपके: बोलणारा, ऐकणारा आणि मधला. निपाणीकडचा एक पोरगा लगेच म्हणाला, "सर, मधी एक ठेवला की काम झालं की! अंतर निम्मं, सिग्नल दुप्पट." सगळा वर्ग त्याच्या बाजूला. म्हटलं, हिशेब मांडूया.

सिग्नल दुप्पट होत नाही, त्याहून बराच वाढतो. मोकळ्या अवकाशात ताकद अंतराच्या वर्गानं घटते, म्हणजे निम्म्या अंतरावर चौपट. जमिनीलगत मात्र थेट आलेली लहर आणि जमिनीवर आपटून आलेली लहर एकमेकींना खाऊ लागतात आणि लांबवर घट चौथ्या घातानं होते. तिथं निम्म्या अंतरावर सोळापट! पोरं खूश. पण साधा मधला एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही. स्वतःच्याच आवाजानं त्याचे कान बधिर होतात. (दोन्ही एकदम करणारी यंत्रं आहेत, पण त्यांची भानगड वेगळी.) म्हणजे अर्धा वेळ ऐकण्यात गेला, अर्धा बोलण्यात.

आता माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननचं १९४८ चं सूत्र घ्यायचं: दर सेकंदाला, दर हर्ट्झला जास्तीत जास्त बिट म्हणजे लॉग (१ + स), पाया २. इथं स म्हणजे सिग्नल आणि नॉइजचं (मागच्या गोंगाटाचं) गुणोत्तर. थेट वाटेवर स = १ असेल तर १ बिट मिळतो. मधला ठेवला तर स होतो १६, लॉग १७ म्हणजे ४.०९, त्याचा अर्धा २.०४. दुपटीहून थोडं जास्तच. पोरगा जिंकला. आता स = १५ घ्या. थेट वाटेवर बरोब्बर ४ बिट. मधल्यामार्फत लॉग २४१ चा अर्धा, ३.९६. मधला ठेवून तोटा!

बरोबरी कुठं होते? (१ + स)² = १ + १६स. सोडवलं की स = १४. इतका स्वच्छ आकडा फळ्यावर उतरला की मला उगाचच बरं वाटतं. चौदाच्या खाली मधला उपयोगाचा, चौदाच्या वर नुसती अडचण. मोकळ्या अवकाशाचा वर्गाचा नियम लावला तर हीच सीमा २ वर येते. म्हणजे वाट जितकी वाईट, तितकी मदतीला किंमत. सहकार्य म्हटलं की चांगलंच असणार असं पोरांना वाटतं. गणित आधी भाडं विचारतं.

पण आजचा खरा विषय हा नव्हताच. मधल्यानं करायचं काय, हा होता.

आमचं गाव जांबोटीच्या पुढं. मोबाइलला रेंज घरामागच्या फणसाखाली, तीसुद्धा तिच्या मर्जीनं. लावणीच्या दिवसांत खालच्या शेतातनं वरच्या घराकडं निरोप द्यायचा तर हाळीच द्यायची. मध्ये बांधावर कुणी असला की तो ती पुढं देतो. थोरले काका असले की पूर्ण कळल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. "काय? परत सांग!" हे चालू असेपर्यंत वरचा माणूस कंटाळून आत गेलेला. धाकटा चुलता असला की कानावर पडेल ते तसंच, पावसाच्या आवाजासकट, दुप्पट जोरात पुढं ढकलतो. रोपाच्या पेंढ्या पाठवायच्या की माणसं, ते वरच्यानं बघून घ्यावं.

काकांची रीत म्हणजे डिकोड-अँड-फॉरवर्ड, चुलत्याची अँप्लिफाय-अँड-फॉरवर्ड. माझा कल नेहमी काकांकडं. समजून घेऊन सांगणारा कधीही बरा, असंच कुणालाही वाटेल. लेनमन, डेव्हिड त्से आणि वॉर्नेल यांनी २००४ साली याचा जो हिशेब मांडला तो उलटा निघतो. वायरलेसमध्ये सिग्नल स्थिर नसतो, इकडून तिकडून परावर्तित होऊन वरखाली होतो. सरासरी गुणोत्तर १०० असलं तरी एका वाटेवर निरोप बुडण्याची शक्यता शंभरात एकाच्या घरात. दोन स्वतंत्र वाटा असल्या तर दोन्ही एकदम बुडायला हव्यात, म्हणजे दहा हजारांत एकाच्या घरात. सहकार्याची सगळी मिळकत या दोन शून्यांत आहे. आणि प्रत्येक वेळी पूर्ण समजलंच पाहिजे असा हट्ट धरणारा मधला ही मिळकत घालवतो, कारण त्याच्याकडे येणारी वाट बुडाली की सगळंच बुडालं. चुलता ती राखतो. काकांनी "समजलं तरच बोलेन, नाहीतर पहिल्यानंच पुन्हा ओरडावं" एवढी तडजोड केली तर तेही राखतात. हे त्यांना सांगायची अर्थात सोय नाही.

तिसरी एक रीत आहे. मधला म्हणतो, मला अर्थ कळला नाही, पण असं असं ऐकू आलं. तेही थोडक्यात, कारण ऐकणाऱ्याच्या कानावर थेट हाळीतलं काहीतरी पुसट पडलेलं असतंच. दोन्ही जुळवून अर्थ तोच लावतो. थॉमस कव्हर आणि अब्बास एल गमाल यांच्या १९७९ च्या पेपरमध्ये हे आलं. मधला बोलणाऱ्याच्या जवळ असेल तर काकांची रीत सरस, ऐकणाऱ्याच्या जवळ असेल तर ही.

एडवर्ड व्हॅन डेर म्युलेननं हे तीन ठिपके १९७१ मध्ये मांडले. त्यांतून जास्तीत जास्त किती निरोप जाऊ शकतो, याचं सर्वसाधारण उत्तर अजून कुणाकडंच नाही. वरची मर्यादा तेवढी माहीत आहे: चित्रात कुठंही एक रेघ मारा, अलीकडचे सगळे एकजुटीनं बोलले आणि पलीकडचे सगळे एकजुटीनं ऐकू लागले तरी जेवढं पार होईल, त्याहून जास्त नाही. (बेळगावात उभं राहून 'कुठंही एक रेघ मारा' म्हणताना दरवेळी मागच्या बाकावर खसखस पिकते.) २०११ मध्ये अवेस्तिमेर, दिग्गवी आणि त्से यांनी दाखवलं की कितीही मधले असले, आणि प्रत्येकानं काही न समजून घेता ऐकलेलं नॉइजच्या पातळीपर्यंत ढोबळ करून पुढं दिलं, तरी या मर्यादेच्या ठरावीक अंतरात पोचता येतं. ते अंतर ठिपक्यांच्या संख्येवर ठरतं, सिग्नलच्या जोरावर नाही. हा निकाल मला पचायला वेळ लागला. अजून पूर्ण पचलाय असं नाही.

तास संपता संपता पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, दोन मधले ठेवले तर?" गुप्ता आणि कुमार यांचा २००० सालचा पेपर तिला सांगावासा वाटला: गर्दी वाढली की जो तो दुसऱ्याचेच निरोप वाहत बसतो आणि प्रत्येकाचा वाटा घटत जातो. पण घंटा झाली. घरी येऊन हिशेब केला. स = १, चौथा घात, एका वेळी एकानंच बोलायचं. दोन टप्प्यांना (म्हणजे एक मधला) २.०४ बिट. तीन टप्प्यांना (दोन मधले) लॉग ८२ चा तिसरा हिस्सा, २.१२. एवढा माणूस उभा करून एवढीच भर. चार टप्प्यांना लॉग २५७ चा चौथा हिस्सा, २.००; म्हणजे दोन टप्प्यांपेक्षाही कमी.

मग पहिल्या आणि चौथ्या टप्प्याला एकदमच बोलू द्यावं का? वेळ वाचतो. पण पहिल्या मधल्याच्या कानावर चौथ्या टप्प्यात बोलणाऱ्या तिसऱ्या मधल्याचा आवाज पडतो, सोळापट क्षीण होऊन का होईना, आणि त्याचं गुणोत्तर २५६ वरून १५ वर येतं. वाचलेल्या वेळात हे भरून निघतं का, ते सोमवारी पोरांकडूनच काढून घेणार.