गोधडी

शनिवार, रात्र. शब्बाथ, आमचा शनिवारचा विसावा, सुटला तरी लगेच वही घेता आली नाही. गुरुवारपासून लिहायचं मनात आहे.

गुरुवारी धाकट्या लेकानं विचारलं, "इमा, गोदडी म्हणजे काय?" हा शब्द कुठून आणलास, तर म्हणाला सावतानं, म्हणजे त्याच्या आजीनं, माझ्या आईनं सांगितला. शाळेतला शोराशिमचा प्रकल्प, घराण्याची मुळं शोधायची. बारमित्झ्वाच्या, म्हणजे मुलाच्या तेराव्या वर्षाच्या, सुमारास सगळ्यांच्याच मागे लागतो तो. थोरलीनंही केला होता. तिनं मला विचारूनच चार पानं भरली, आम्हा बेने इस्राएलांची, कोकणातल्या ज्यूंची, गोष्ट: नवगावचा किनारा, फुटलेलं गलबत, वाचलेली सात जोडपी, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं शनिवार तेली हे नाव. आईपर्यंत ती गेलीच नाही.

याच्या वहीत मात्र वेगळंच निघालं. १९६४ चा उन्हाळा, जेरुसलेम. आमच्या लोकांची लग्नं लावायच्या आधी इथले ज्यू धर्मगुरू, रब्बी मंडळी, आम्ही खरे ज्यू का म्हणून आई, आजी, पणजीपर्यंत चौकशी लावत, त्यावर आपल्या लोकांनी धरणं धरलं होतं, हे मला ठाऊक आहे. बाबा गेले होते, हेही ठाऊक आहे. पण आई? बावीस वर्षांची, मांडीवर दादा, रात्री गार वारा सुटतो म्हणून आजीनं अलिबागेहून निघताना दिलेली गोधडी बरोबर? पन्नाशीला आले मी, हे कधी कानावर आलं नव्हतं.

मला का नाही सांगितलं?

इतकी वर्षं या दोघांच्या मधली दुभाषी मीच. आईचं मराठी त्याला सांगायचं, त्याचं हिब्रू आईला. आईचं हिब्रू भाजीबाजारापुरतं. त्या मोडक्या हिब्रूत तिनं नातवाला त्या रात्री सांगितल्या, आणि माझ्यापाशी अख्खं मराठी असताना मला नाही.

शुक्रवारी सकाळी ती कालवणासाठी नारळ खोवत बसली होती. विचारलं. आवाज चढलाच माझा. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "तुला सांगायचं तर मराठीत सांगावं लागलं असतं. मग मला रडू आलं असतं. त्याच्या भाषेत रडण्याइतके शब्द कुठे येतात मला?"

मी नुसती उभी राहिले. रात्री किद्दूशच्या प्रार्थनेनंतर हातबोशी करताना, एकमेकींचे हात घेऊन मग बोटं ओठांना लावताना, तिचे हात मी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवले. खोबऱ्याचा वास होता अजून.

पण मी तरी कधी विचारलं? माझ्या लग्नाच्या वेळी कुणी माझी पणजी विचारली नाही, आणि ते तसं का, हे मीही कुणाला विचारलं नाही. बाबा होते तेव्हा तरी... जाऊ दे. त्यानं विचारलं, त्याला मिळालं. एवढं सरळ आहे ते.

आज शब्बाथ सुटल्याबरोबर त्यानं गोधडी मागितली. शाळेत घरातली एक जुनी वस्तू न्यायची आहे. आईनं बोट दाखवलं ते माझ्या इस्त्रीच्या टेबलाकडे. किती वर्षं तीच चौपदरी करून इस्त्रीखाली अंथरते आहे मी. जुनं जाड कापड, एवढंच माहीत. उलगडली तर आत लुगड्यांचे पदर, हिरवा रंग उडालेला, काठ मात्र अजून लाल. बोटाबोटाच्या अंतरानं धावदोरा, एका कोपऱ्यात दोरा बदललेला. आणि बरोबर मध्ये इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग.

आई काही बोलली नाही. त्यानं डागावर बोट ठेवून विचारलं, हा जेरुसलेमचा का?

"नाही. माझा आहे तो," मी म्हटलं.

तो पेन घेऊन बसला. कधी पडला, कसा पडला, तेव्हा तू काय इस्त्री करत होतीस. मी सांगत गेले, मराठीतच. त्याला अडलं, तिथे आई हिब्रूत सांगत होती.