आभार मानून घरी पाठवलं

अमेरिकेची सिटिझन झाल्यावर ज्युरीचं (म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाचं) पहिलं समन्स आलं आणि मी चक्क खूश झाले. नवरा म्हणाला, "जा, मग कळेल."

आमच्याकडे, कॅलिफोर्नियात, आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर आपला ग्रुप नंबर बघायचा असतो. माझ्या ग्रुपला बोलावलं होतं. सकाळी आठला हजर. व्हिडिओ दाखवला, बिल्ला दिला. पुढे काही नाही.

साडेनऊ झाले, अकरा झाले. दोनेकशे माणसं खुर्च्यांवर, कुणी काही सांगेना. खिडकीवर दोनदा विचारून आले, दोन्ही वेळा एकच उत्तर: "बोलावलं की कळेल." अहो, स्वारगेटलासुद्धा गाडी लेट असली तर भोंग्यावर सांगतात! दुपारी डबा उघडल्यावर शेजारच्या काकांनी (त्यांची पाचवी खेप) सांगितलं की आत वकिलांची तडजोड चालली असणार; बाहेर ज्युरी तयार बसलीय म्हटलं की बरेच आरोपी ऐनवेळी गुन्हा कबूल करतात. म्हणजे आमचं नुसतं बसणंही कामाचंच होतं! हे एका वाक्यात आठलाच सांगायला काय हरकत होती? थेपला जरा गोड लागला असता.

दुपारी तीनला कोर्टरूममध्ये नेलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. नवव्या खुर्चीत बसले. ज्युरी निवडण्यासाठी वकिलाने विचारलं, पोलिसाच्या साक्षीवर तुमचा जास्त विश्वास बसेल का? मी म्हटलं, माझा मामा हवालदार होता, पोलीस खरंही बोलतात आणि थापाही मारतात. दहा मिनिटांत "नऊ नंबरच्या ज्युररचे आभार, तुम्ही जाऊ शकता." कारण द्यावंच लागत नाही, दोन्ही बाजूंना तशी काही नावं वगळता येतात. तरी अपमान वाटलाच.

पैसे: पहिल्या दिवसाचे शून्य, दुसऱ्या दिवसाचे १५ डॉलर.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते थेट १९५९ च्या नानावटी खटल्यात (बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेला नौदल अधिकारी) शिरले: ज्युरीचा कौल आठ विरुद्ध एक, निर्दोष, आणि मग हायकोर्टाने तो निकाल कसा फिरवला. अर्धा तास. माझं राहिलंच.

हो, तारीख अडचणीची असेल तर पुढे ढकलून मिळते, घाबरू नका. सासूबाईंचं ग्रीनकार्ड आहे, तरी त्यांनाही समन्स आलं होतं, कारण यादीत ड्रायव्हिंग लायसन्सवाल्यांचीही नावं असतात. समन्स फेकू नका, "नागरिक नाही" असं कळवून टाका. आणि स्वेटर न्या, एसी भयंकर असतो.