पोयाकमध्ये वाइन निवळताना

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या पंच्याहत्तरीला माझ्या हातून एक बाटली वाया गेली. 1990 सालची, बोर्दोची. माझी मावसबहीण, ताई, फ्रान्समध्ये तुलूझला असते, तिने ती मुद्दाम आणली होती. चांगली रेड वाइन डिकँट करतात, म्हणजे प्यायच्या आधी सुरईत ओततात, एवढंच मला माहीत होतं. म्हणून संध्याकाळी पाचलाच मी ती रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत ओतून ठेवली आणि जेवायला आम्ही बसलो नऊला. पहिल्या घोटालाच माझा चेहरा पडला. वास जवळजवळ नव्हताच, चव पातळ आणि आंबूस, आणि शेवटच्या पेल्यात तर चक्क गाळ. बाबांनी काही न बोलता पेला संपवला. ते मनात राहून गेलं होतं.

यंदा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ताईकडे गेले, तेव्हा तिला म्हटलं, मला ते कसं करतात ते प्रत्यक्ष बघायचंय. ती म्हणाली, "अगं, मग बोर्दो शहरात नको. पोयाकला जाऊ, वाइनचंच गाव ते."

बोर्दोच्या सँ-झाँ स्टेशनवरून पोयाकची लोकल गाडी तासाभराहून थोडी जास्त वेळ घेते. मार्गो स्टेशन गेलं की दोन्हीकडे फक्त द्राक्षमळे. वेली आपल्या नाशिकच्या मांडवासारख्या उंच नाहीत, कमरेएवढ्या, तारेला बांधलेल्या. काढणी नुकतीच संपलेली, पानं पिवळी-तांबडी झालेली. आमच्याकडे याच दिवसांत गोडी छाटणीची गडबड असते, म्हणजे हंगामाची सुरुवात. तिथे मळा निजायला निघाला होता. वेलींच्या बुंध्याशी माती दिसतच नव्हती, नुसते गोटे, सुपारीपासून लिंबाएवढे. पाणी झटकन खाली जातं, दिवसाची ऊब गोटे धरून ठेवतात आणि उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्योंला ती ऊब लागते. या द्राक्षाची साल जाड, बी मोठं, म्हणून वाइनला तुरटपणा भरपूर. टॅनिन म्हणतात तो हाच. कोवळी सुपारी किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तसा.

पोयाक गाव अगदी लहान आहे. 1855 साली तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदोकच्या, म्हणजे बोर्दोजवळच्या याच पट्ट्याच्या, वाइनची जी प्रतवारी झाली, तिच्या पहिल्या प्रतीतल्या लाफीत आणि लातूर या दोन इस्टेटी याच गावच्या. इथल्याच मूतों-रोथशिल्डला ती पायरी मिळायला 1973 उजाडलं. आम्ही यांतल्या कुठल्याच दारात गेलो नाही. धक्क्यावर जाऊन बसलो. समोर जिरोंद. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून झालेली ही खाडी इतकी रुंद आहे की पलीकडचा काठ धूसर दिसतो. पाणी पहिल्या पावसातल्या गोदावरीसारखं, दुधाच्या चहाच्या रंगाचं. ते बघताना मला आजी आठवली. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की ती हंड्यात तुरटी फिरवायची, कधी निवळीची बी सहाणेवर उगाळून घालायची आणि रात्रभर हंड्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात. तळाचा साका तसाच. संध्याकाळी जे बघायला मिळालं ते याहून वेगळं काही नव्हतं.

आम्ही उतरलो होतो ते घर एका निवृत्त आजी-आजोबांचं. आजोबांचा सगळा जन्म एका वाइनरीच्या तळघरात गेलेला. ताईने फ्रेंचमध्ये माझ्या त्या बाटलीची गोष्ट त्यांना सांगितली. हसले नाहीत. कळवळून मान हलवली आणि विचारलं, "किती वाजता ओतली होतीत?" मग म्हणाले, यासाठी आमच्याकडे दोन शब्द आहेत. 'देकांते' म्हणजे साका मागे ठेवून वाइन वेगळी करणं. 'काराफे' म्हणजे तिला हवा मिळावी म्हणून सुरईत ओतणं. म्हाताऱ्या वाइनला पहिलं लागतं, तरण्या वाइनला दुसरं. तुम्ही म्हातारीला तरणीचं औषध दिलंत.

सबंध संध्याकाळ मला हे एक वाक्य पुरलं.

जेवणासाठी त्यांनी 1996 सालची पोयाकचीच एक बाटली काढली होती. आदल्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती उभी होती. तळघरात बाटल्या आडव्या असतात, बूच ओलं राहावं म्हणून, त्यामुळे साका एका अंगाला धरतो. उभी केली की तो हळूहळू तळाशी उतरतो, आणि त्याला निदान एक दिवस तरी द्यावा लागतो. हा साका म्हणजे वाइन बिघडल्याची खूण नाही. रंग आणि टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि खाली बसतात. म्हणूनच जुनी वाइन फिकट, विटकरी दिसते आणि जिभेला मऊ लागते. पण तो साका पेल्यात आला तर तोंडात कडवट, भुकटीसारखा लागतो. माझ्याकडून नेमकं तेच झालं होतं.

सव्वाआठला आजोबांनी बाटली उचलली. तिला धक्का लागू न देता, झोपलेलं बाळ उचलावं तशी. मानेवरचं वेष्टण त्यांनी पूर्ण कापून काढलं, नाहीतर आतलं दिसत नाही. जुनं बूच भुसभुशीत होतं, त्यात मळसूत्र घातलं असतं तर तुकडे पडले असते. म्हणून दोन पातळ पात्यांचा चिमटा बुचाच्या दोन्ही कडांनी आत सारला आणि हलके पिळा देत बूच वर आणलं. बाटलीचं तोंड फडक्याने पुसलं. सुरई हुंगून पाहिली, कपाटाचा वास असला तर तो वाइनला लागतो. मग घोटभर वाइन आत घालून ती खंगाळली. ही सुरई अरुंद होती, कारण हवा नकोच होती. मग मेणबत्ती पेटवून ती बाटलीच्या मानेखाली येईल अशी ठेवली आणि ओतायला सुरुवात केली.

एकदा तिरकी केलेली बाटली परत सरळ करायची नाही. केली की आत लाट उठते आणि साका ढवळतो. धार करंगळीहूनही बारीक होती. मेणबत्तीच्या उजेडात मानेतली वाइन डाळिंबाच्या रसासारखी आरपार दिसत होती. बराच वेळ तशीच. मग बाटलीच्या खांद्याशी एक काळी रेघ आली, उदबत्तीच्या धुरासारखी, वळत वळत मानेकडे सरकणारी. ती मानेत शिरायच्या आत आजोबांचा हात थांबला. बाटलीत दोन बोटं वाइन उरली. बोर्दोच्या बाटलीचे खांदे असे काटकोनी का, ते त्या क्षणी पटलं. साका तिथे अडतो.

आजींनी तोवर कोकराच्या बरगड्या द्राक्षाच्या छाटलेल्या वाळक्या काड्यांवर भाजल्या होत्या. साडेआठला पेले भरले. ओला पालापाचोळा, देवदाराची पेटी, सुक्या मनुका असा वास आला आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं तो वाढतच गेला. नवाच्या सुमाराला स्थिर झाला. साडेनवाला माझ्या पेल्यात राहिलेल्या घोटात तो ओसरायला लागला होता. माझी 1990ची बाटली तर मी चार तास उघडी ठेवली होती.

बोर्दो विद्यापीठातले एमिल पेनो, आधुनिक वाइनशास्त्राचे मोठे गुरू, 2004 साली गेले. साका असेल तरच डिकँट करा आणि तेही प्यायच्या अगदी आधी, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. जास्त हवा लागली की सुगंध पुसट होतो. आजोबांना हे जुन्या वाइनपुरतं शंभर टक्के मान्य. तरण्या वाइनबद्दल त्यांचं मत वेगळं, आणि ते त्यांनी दुसऱ्या दिवशी दाखवूनच दिलं.

2016च्या एकाच वाइनच्या तीन बाटल्या. एकीचं बूच सकाळी काढून ती तशीच ठेवलेली, दुसरी अकराला रुंद सुरईत ओतलेली, तिसरी एक वाजता आमच्यासमोर उघडलेली. नुकत्या उघडलेल्या वाइनला विझलेल्या आगकाडीसारखा वास होता आणि तुरटपणा असा की हिरड्या खेचल्या गेल्या. सकाळपासून उघड्या बाटलीतली जवळपास तशीच. बाटलीचं तोंड आतून जेमतेम अठरा-एकोणीस मिलिमीटर, रुपयाच्या नाण्याहूनही लहान, तिथून हवा जाणार किती? सुरईतली मात्र मोकळी झाली होती. आगकाडीचा वास गेला होता, काळ्या फळांचा वर आला होता. गंधकाची उडून जाणारी संयुगं हवेत निघून जातात, त्यामुळे त्यांच्याखाली दबलेला सुगंध कळतो. टॅनिन दोन तासांत बदलत नाही, पण फळाचा वास पुढे आला की तुरटपणा कमी बोचतो. बूच सडकं असेल, ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल, तर कितीही ओता, तो जात नाही.

आपल्याकडच्या वाइनबद्दलही मी विचारलं. नाशिकच्या बहुतेक रेड वाइन तरुणपणीच पितात, त्यांत साका सहसा नसतो. दणकट शिराज असेल तर अर्धा-पाऊण तास सुरईत पुरे. मात्र आपल्या दिवाणखान्यात एप्रिलमध्ये तीस अंश असतात आणि रेड वाइनला हवेत सोळा ते अठरा. सुरई टेबलावर तापत ठेवण्यापेक्षा बाटलीच आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी, असं मला वाटतं. गरम वाइनचा आधी नुसता अल्कोहोलच नाकात जातो.

निघताना गावातल्या दुकानातून 1995 सालची एक बाटली घेतली. परवडेल अशा, नाव नसलेल्या घरची. ती तीन आठवड्यांपूर्वी नाशिकला आली आणि प्रवासात हिंदकळली म्हणून तेव्हापासून थंड फडताळात आडवी आहे. रविवारी बाबांचा वाढदिवस. शुक्रवारी रात्री ती उभी करणार आहे. मेणबत्ती आणून ठेवली आहे, आणि बाबांना सांगितलंय की बरोबर आठ वाजता पानावर बसायचं.