सांगलीतलं टॉमकॅट अपग्रेड आणि एकाच नावाचे दोन डेटासोर्स

सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात टॉमकॅट (जावातली वेब अॅप चालवणारा सर्व्हर) ८.५ काढून ९ बसवायचं काम होतं. ८.५ ला मिळणारे सुरक्षा पॅच ३१ मार्च २०२४ ला थांबले, आणि ऑडिटवाले त्यावर शेरा मारत होते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. म्हणजे शुक्रवारचा डे-एंड उरकला की सोमवार सकाळपर्यंत सर्व्हर आपल्या ताब्यात. पुण्याहून सातारा-कराडमार्गे रेल्वेनेच जा. शुक्रवारी संध्याकाळी खंबाटकी घाटात अडकलात तर रात्रीचं सगळं वेळापत्रक कोलमडतं.

बँकेच्या सर्व्हर रूममध्ये इंटरनेट नसतं आणि पेन ड्राइव्ह स्कॅन झाल्याशिवाय आत जात नाही. टॉमकॅटची फाइल, तिचा चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे ताडणारा आकडा), जेडीके (जावाचा संच), पोस्टग्रेस या डेटाबेसचा ड्रायव्हर जार (जावा कोडची फाइल) आणि अॅपच्या वॉर फाइल्स (अख्खं अॅप बांधलेलं पॅकेज) हे सगळं आदल्या दिवशीच तिथल्या आयटी विभागाकडे द्यावं. रात्री दहा वाजता एका जारसाठी कोणाला झोपेतून उठवायची वेळ येऊ नये.

आता मूळ मुद्दा. बँकेत दोन अॅप आहेत, एक काउंटरचं आणि एक रिपोर्टचं. दोन्ही स्प्रिंग बूट २.१ या जावा फ्रेमवर्कवर चालतात. डेटासोर्स, म्हणजे अॅपला डेटाबेसशी जोडून देणारा भाग, आणि त्यातला कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) हिकारी या लायब्ररीचा. आधी ती दोन वेगवेगळ्या टॉमकॅटमध्ये, वेगवेगळ्या पोर्टवर होती. या वेळी दोन्ही एकाच टॉमकॅटमध्ये आणायची असं ठरलं होतं. सर्व्हर उठला, रिपोर्टचं अॅप उघडलं, काउंटरचं मात्र ४०४ देत राहिलं. लॉगमध्ये लांबलचक स्टॅक ट्रेस (एररचा माग) होता. अशा वेळी वरून वाचत बसू नका, थेट शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ला जा. तिथे लिहिलं होतं ‘इन्स्टन्स ऑलरेडी एक्झिस्ट्स’, आणि पुढे नाव ‘डेटासोर्स’, प्रकार ‘हिकारी डेटासोर्स’.

डेटाबेस, पासवर्ड, नेटवर्क, सगळं ठीक होतं. भानगड जेएमएक्सची होती, म्हणजे चालू जावा प्रोग्रॅमवर बाहेरून नजर ठेवायच्या सोयीची. तिची नोंदवही प्रत्येक जेव्हीएममागे (चालू जावा प्रोसेसमागे) एकच असते. दोन टॉमकॅट होते तेव्हा वह्या दोन होत्या. आता वही एक, आणि दोन्ही अॅप आपला पूल त्याच नावाने नोंदवायला आले. जो आधी उठला त्याला नाव मिळालं, दुसरा स्टार्टअपलाच पडला. कोण आधी उठेल यावर विसंबू नका. रीस्टार्टनंतर उलटंही होऊ शकतं, आणि मग तपास भलत्याच अॅपकडे जातो.

सोपा उपाय म्हणजे स्प्रिंगचं जेएमएक्स बंद करणं. बूट २.२ पासून ते मुळातच बंद असतं, म्हणून नव्या अॅपमध्ये हा प्रकार सहसा दिसत नाही. पण इथे पूलची सेटिंग्ज आयटीवाले जेकन्सोल या जेएमएक्स बघायच्या टूलवरच बघतात. त्यांची ही सोय काढून घेणं मला पटत नव्हतं. म्हणून प्रत्येक अॅपला वेगळं जेएमएक्स डोमेन (नोंदीच्या नावाचा पहिला भाग) दिलं. स्प्रिंगची ती सेटिंग ‘डिफॉल्ट-डोमेन’ नावाची. ती कॅटालिना ऑप्ट्समध्ये (टॉमकॅट सुरू करताना द्यायच्या पर्यायांत) घालून उपयोग नाही, कारण ती किंमत दोन्ही अॅपना सारखीच मिळते आणि भांडण तसंच राहतं. कॉन्फ फोल्डरमधल्या कॅटालिना/लोकलहोस्ट इथे प्रत्येक अॅपची स्वतःची एक्सएमएल फाइल असते. तिच्यात ‘पॅरामीटर’ टॅगने घाला. वॉर पुन्हा बिल्ड करावी लागत नाही, आणि ही किंमत अॅपच्या आतल्या प्रॉपर्टीजवर मात करते. रीस्टार्टनंतर जेकन्सोलमध्ये दोन डोमेन, दोन पूल वेगवेगळे दिसले.

पॅरलल डिप्लॉयमेंट वापरणाऱ्यांनी जास्तच जपावं. वॉरच्या नावापुढे दोन हॅश देऊन जुनी आणि नवी आवृत्ती एकत्र चालवता, तेव्हा एकाच अॅपच्या दोन प्रती एका जेव्हीएममध्ये असतात. टक्कर तीच.

जेएनडीआयवरून, म्हणजे सर्व्हरवर लिहिलेला डेटासोर्स नावाने शोधून घेणाऱ्यांचा सापळा वेगळा. रिसोर्स (डेटासोर्सची ती नोंद) जर कॉन्फमधल्या सामायिक कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये लिहिला, तर तो सर्व्हरवरच्या प्रत्येक अॅपला लागू होतो, अगदी टॉमकॅटच्या मॅनेजरलाही. प्रत्येकाचा पूल स्वतंत्र. पोस्टग्रेसची कनेक्शन मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १०० आहे. कमाल ४० चा पूल तीन अॅपनी घेतला की गर्दीच्या वेळी काउंटरवर एरर येणारच. एकच पूल हवा असेल तर तो सर्व्हर एक्सएमएलच्या ग्लोबल विभागात लिहा, अॅपमधून फक्त लिंक द्या, आणि ड्रायव्हर जार टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये ठेवा. टॉमकॅट ७ वरून थेट येणाऱ्यांनी ‘मॅक्सअॅक्टिव्ह’ शोधून ‘मॅक्सटोटल’ करावं. टॉमकॅट ८ पासून मूळ पूल बदलला आहे, आणि जुनं नाव तसंच राहिलं तर लॉगमध्ये फक्त एक इशारा येतो आणि मर्यादा ८ कनेक्शनवर येते.

आणि टॉमकॅट १० वर जाणार असाल तर पॅकेजच्या नावांतल्या ‘जावाएक्स’चं सरसकट ‘जकार्ता’ करू नका. सर्व्हलेटचं (वेब विनंत्या हाताळणाऱ्या भागाचं) बदलतं, जावाएक्स.एसक्यूएल आणि जावाएक्स.नेमिंग ही जेडीकेची पॅकेजेस आहेत, ती तशीच राहतात. डेटासोर्सचा टाइप बदललात तर लुकअपच फसेल.

निघण्याआधी जुन्या टॉमकॅटचं फोल्डर पुसू नका, फक्त त्याची सर्व्हिस बंद ठेवा. सोमवारी पहिलं काउंटर उघडेपर्यंत आयटी विभागातलं कोणीतरी जेकन्सोलसमोर बसलेलं असावं. परतीचं तिकीट सोमवार दुपारनंतरचं काढा.