टपालपेटीवरचं नाव

सकाळी हॉस्टेलच्या खाली आले तर टपालपेटीवर दुसरंच नाव. नवी छापील पट्टी, नीट सरकवून बसवलेली, माझी कुठे गेली काय माहीत. अजून एक रात्र मी इथे आहे ना! भाडं भरलंय, किल्ली माझ्याकडे आहे, सामान खोलीत पसरलंय, मग एवढी घाई कशाची? डोळे भरून आले एकदम, तिथेच, जिन्यात.

आईला फोन केला तर म्हणाली अगं पट्टीच तर आहे. पट्टीच तर आहे! आपल्या दारावर अजून बाबांची पाटी आहे आणि ती काढायची का असं काकाने नुसतं विचारलं तर काय झालं होतं घरात... जाऊ दे, तो विषय नको.

शेवटचा दिवस म्हणून प्रागमध्ये जे जे राहिलंय ते सगळं बघायचं ठरवलं होतं. आधी कॅसलवर गेले. सेंट व्हिटस कॅथेड्रल 1344 ला बांधायला घेतलं ते 1929 ला पूर्ण झालं, एवढ्या पिढ्यांचं काम समोर उभं आहे आणि माझ्या डोक्यात ती पट्टी. फोटो काढले आणि उतरले खाली. निहारचा मेसेज आलाय, उत्तर दिलेलं नाही, आज नाहीच देणार.

मग पिंकास सिनेगॉग, ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ. आत भिंतीच भिंती आणि त्यांवर हाताने लिहिलेली नावं, जवळपास 78,000, बोहेमिया-मोराव्हियातले, म्हणजे आजच्या चेक देशातले, ज्यू जे नाझींनी मारले ते सगळे. आडनाव, नाव, तारखा, पुढचं नाव, त्याच घरातलं. 1950 च्या दशकात दोन चित्रकारांनी ती लिहिली, 1968 नंतर ओल येते म्हणून जागा बंद झाली आणि दुरुस्तीत नावं गेली, मग 1992 ते 1996 मध्ये कोणीतरी परत बसून एकेक नाव लिहिलं. सगळी. मी एका कोपऱ्यात उभी राहून जमेल तेवढी वाचली, उच्चार येत नव्हते तरी ओठ हलवत वाचली, मागून ग्रुप येत होते, जात होते. माझी पट्टी यात कुठेच बसत नाही हे मला कळतंय, तरी ती डोक्यातून जात नव्हती हेही खरंय.

तिथून पाच मिनिटांवर यान पालाखच्या नावाचा चौक. पालाख म्हणजे इथल्याच चार्ल्स युनिव्हर्सिटीत इतिहास शिकणारा 20 वर्षांचा मुलगा, सोव्हिएत रणगाडे देशात घुसले आणि लोक हळूहळू गप्प व्हायला लागले म्हणून जानेवारी 1969 मध्ये वेन्सेस्लास स्क्वेअरवर त्याने स्वतःला पेटवून घेतलं. या चौकाला 1989 पर्यंत रेड आर्मीचं, म्हणजे सोव्हिएत सैन्याचंच, नाव होतं. पुढचं काही ठरवलं नव्हतं पण मेट्रोची ए लाइन पकडली आणि फ्लोराला उतरून ओल्शानीच्या दफनभूमीत गेले, त्याच्या थडग्यापाशी. लोक इथे फार यायला लागले म्हणून 1973 मध्ये गुप्त पोलिसांनी त्याला उकरून काढलं, दहन केलं, अस्थी आईकडे पाठवून दिल्या आणि या जागी कुणा दुसऱ्याच बाईला पुरून तिचं नाव लावलं. ती बिचारी कोण, तिला तरी काय माहीत! 1990 मध्ये त्याच्या अस्थी परत आल्या आणि नावही.

बराच वेळ बसले होते बाकावर. एक आजी शेजारच्या कबरीवरची पानं झाडत होत्या, त्यांनी मान हलवली, मीही हलवली. मग कधीतरी तो सकाळचा राग गेला, कसा ते सांगता नाही येणार. ती नवी मुलगी उद्या कुठूनतरी बॅगा ओढत येईल, तिलाही बँकेची, व्हिसाची पत्रं येतील, तिचं नाव लागायलाच हवं. मी इथे राहिले, शिकले, आजारी पडले, भांडले, ते काय त्या पट्टीमुळे होतं?

संध्याकाळी आईचा परत फोन, काय काय पाहिलंस. दफनभूमी म्हटल्यावर ओरडलीच, शेवटच्या दिवशी तिथे कशाला मरायला गेलीस. मग मी पालाखचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, मग 1990 ला त्याची आई होती का गं ते बघायला? नव्हती, आधीच गेली होती. त्यानंतर आम्ही बाबांबद्दल बोललो, कितीतरी महिन्यांनी, तासभर तरी, आणि पाटीचा विषयही तिनेच काढला. बॅग अजून भरायची आहे, वजन जास्त होणार बहुतेक, पुस्तकं काढावी लागतील.